आढ्यावरचे रहिवासी

धरणात बुडणाऱ्या कातळशेंड गावाच्या पुनर्वसन यादीत चंद्रभागाबाई ढेबेच्या घरातल्या चौदा वटवाघळांना पक्कं घर मंजूर झालं, चंद्रभागाबाईला झालं नाही.

यात तलाठ्याची काही चूक नव्हती. मोजणी भर दुपारी झाली. तेव्हा अख्खं गाव नाचणी लावायला गेलेलं, आणि नियम असा की घरात हजर सापडेल तो रहिवासी. वटवाघळं सापडली. उंदरासारख्या लांब शेपटीची, आढ्याला ओळीनं लटकलेली, दिवसभर कुठे म्हणून न जाणारी. आता असा घर धरून राहणारा रहिवासी माणसांत शोधून दाखवा!

"अहो भाऊसाहेब, एकवीस वर्षं मी त्यांची घाण काढतीय," बाई तलाठ्याला म्हणाली. "त्यांना धूर सोसत नाही म्हणून चूल पडवीत नेली. अन् घर त्यांना? पाणी उंबऱ्याला लागलंय, मी जाऊ कुठं?"

"पटतंय हो, बाई. पण त्यांची संमती लागेल."

संमती मागवली. थोरल्या वटवाघळानं जबाब दिला की बाई स्वभावानं बरी आहे, आमच्यात राहिली तर चालेल. मात्र आमच्यासारखं राहावं.

"बघा, कुणी अडवत नाही तुम्हाला," तलाठी म्हणाला. "फेरतपासणी मंगळवारी दुपारी."

मंगळवारी चंद्रभागाबाईनं काष्टा घट्ट खोचला, शिडीवरून चढली आणि तुळईत गुडघे अडकवून उलटी लटकली. अठ्ठावन्न वर्षांची बाई! डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारच्या वटवाघळानं सरकून जागा दिली, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. बाईला संताप आला, रडूही आलं. पण उलटं लटकल्यावर डोळ्यांतलं पाणी कपाळावरून केसांत जातं, म्हणून तिनं ते आवरलं.

तलाठी आला. खालून बोटानं मोजत गेला, वहीत लिहिलं, शिक्का मारला.

"लिहिलं का भाऊसाहेब, नाव माझं?"

"नाव कशाला? वटवाघळांची नावं लिहीत नाहीत. संख्या लिहितात. पंधरा लिहिलीत. घर मंजूर."

'मी वटवाघूळ नाही' असं बाईच्या ओठांवर आलं होतं. पण हातात आलेलं घर जाईल या भीतीनं ती गप्प लटकून राहिली.