तुळशीराम वाजवतो कधी?

कडगंचीच्या ग्यानबा पाटलांना एका जागी गप बसणं जन्मात जमलं नव्हतं, आणि नेमकं तेच करायला ते सपत्नीक गुलबर्ग्याच्या जलशाला आले होते. लेकीसाठी मुलगा बघायचा होता. मुलगा तुळशीराम, गोव्याच्या डिसोझा मास्तरांच्या वाद्यमेळात आडवी बासरी वाजवणारा. बासरीवाला म्हणून त्याची दोन स्थळं आधीच मोडली होती. तेव्हा पाटलांना त्याचा मामा राघोबा म्हणाला, एकदा वाजवताना बघा, मग बोला.

जिल्ह्याचे मोठे अंमलदार तालुकदारसाहेब पुढच्या खुर्चीत बसले आणि जलसा सुरू झाला. जर्मनीच्या कुणा साहेबानं शंभर वर्षांपूर्वी बांधलेली चीज, एकट्या बासरीसाठी, सोबतीला सगळा वाद्यमेळ. काळा कोट घालून तुळशीराम मधोमध उभा राहिला. आणि उभाच राहिला. मागं फिडलवाले, कर्णेवाले जीव तोडून वाजवत होते. आधी साथीदारांनी मनसोक्त वाजवायचं, मग बासरीनं, अशी त्या साहेबाची रीत. आपल्याकडं मुख्य गवई आधी सूर लावतो, हे पाटलांना पक्कं ठाऊक. त्यांचा जीव खालीवर होऊ लागला.

"राघोबा, पोरगं वाजवंना कामून?"

राघोबाला तरी काय कळत होतं! पण मुलाकडच्यानं अडाणी दिसून कसं चालेल? त्याची बारी यायची असंल, असं त्यानं ठोकून दिलं.

पाटलांनी पागोटं काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मास्तर डूख धरून पोराला वाजवू देत नाही, अशी त्यांची खात्री झाली. ते तरातरा पुढं गेले आणि मास्तरांचा कोट ओढून अदबीनं म्हणाले, "मास्तर, आमच्या पोराला बी वाजवू द्या की."

मास्तरांच्या हातातली ताल दाखवायची छडी पडली, फिडली भरकटल्या, सगळं ठप्प झालं. तालुकदारसाहेबांच्या भुवया वर चढल्या. मास्तरांनी लवून माफी मागितली आणि चीज पहिल्यापासून सुरू केली. तुळशीराम पुन्हा गप उभा.

अखेर एकदाची बासरी लागली. काय गोड वाजवत होता पठ्ठ्या! पाटील शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानं सांगू लागले, तोच बाकीचे सगळे थांबले आणि तुळशीराम एकटाच वाजवत सुटला. ही पण त्या साहेबाचीच रीत. पाटलांचा चेहरा उतरला. ह्याचं कुणाशी पटत नाही, उद्या भावकीत कसा नांदेल, असं म्हणून त्यांनी तिथंच स्थळ मोडलं.

जलसा संपल्यावर राघोबानं भाच्याला ते सांगितलं. तिसरं स्थळ! बिचारा बासरी पुसत खाली मान घालून उभा राहिला. इतक्यात बायकांच्या बाजूच्या चिकाच्या पडद्यामागून पाटलीणबाई सोजराबाई आल्या. पाटील कारणं सांगायला लागले.

"तुमी जरा गप बसा," त्या म्हणाल्या. "भवताली एवढा गलका चाललेला, आन बापई मानूस तोंड मिटून उभा! ते बी दोन येळा. मला आख्ख्या संसारात असं बघाया मिळालं न्हाई. माझ्या लेकीला तरी मिळू द्या."

पाटलांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण सोजराबाई तोवर राघोबाला लग्नाची तिथी विचारत होत्या.