चोरीच्या उशा

घरातली चौथी उशी नाहीशी झाली तेव्हा सासू-सुना एकमेकींशी फार गोड बोलू लागल्या. काटासाहेबांना हे लक्षण बरं वाटेना. दुकानदारांची वजनमापं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि दुकानदारांनी ठेवलेलं नाव निवृत्तीनंतर घरीही चिकटलं होतं. अशा माणसावर संशय कोण घेणार?

उशा त्यांच्याकडेच होत्या. हल्ली आडवं झालं की छातीवर कुणीतरी पोतं टाकल्यासारखा श्वास कोंडे. डोकं उंच केलं की सुटे. म्हणून एक उशी वाढली, मग दुसरी. घोरण्याचं निमित्त करून त्यांनी मुक्काम बाहेरच्या खोलीत हलवला. सकाळी चोरीचा माल दिवाणाच्या पोटात जाई. डॉक्टरांचं नाव मात्र नको होतं. थोरल्या भावालाही असाच दम लागायचा. तो दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही.

"आई, तुम्हाला उशी लागली असेल तर राहू द्या हं," सून म्हणाली. "मी टॉवेलाची घडी घेते."

"मला कशाला लागेल? जुना कापूस म्हणून टाकून दिल्या असशील तर तसं सांग. मी काही खाणार नाही तुला."

सुनेचे डोळे भरले. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं माप पकडलेल्या माणसाला हे सोसवेना.

"उशा मी घेतल्यात," काटासाहेब म्हणाले.

"सगळ्या? अहो, कशाला?" बायकोनं विचारलं.

खरं ओठांवर आलं होतं, पण ऐन वेळी घसरलं. "मान दुखते."

झालं. घर एक झालं. सुनेनं शेक दिला, बायकोनं तेल चोळलं, आणि संध्याकाळी मुलानं गाडीत घालून सगळ्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"एवढ्या उशांवर झोपलात तर मान दुखणारच," डॉक्टर म्हणाले. "आजपासून उशी बंद. फळीवर सरळ झोपायचं. या, पडा बघू इथं उताणे."

आता इभ्रतीचा प्रश्न होता. काटासाहेब पडले, छताकडे बघत राहिले, आणि मग धडपडत उठून त्यांनी डॉक्टरांचा शर्टच मुठीत धरला.

डॉक्टरांनी मानेचा विषय सोडला. वाकून सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"आडवं झालं की दम लागतो? कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"आणि मला मान दाखवताय." डॉक्टर मुलाकडे वळले. "हाडांचं काही नाही. हृदय थकलं की फुप्फुसांत पाणी साचतं. मोठ्या दवाखान्यात न्या. सकाळी नाही, आत्ता."

गाडीत बायकोनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, उंच राहील असं.

"थोरल्या भावोजींसारखं होईल म्हणून लपवलंत?"

"हो."

"भावोजींनी वर्षभर लपवलं, म्हणून तसं झालं."

औषधांनी पाणी उतरलं. आठवड्यानं काटासाहेब घरी आले, आणि उशा एकेक करून आपापल्या मालकांकडे गेल्या. त्यांच्या वाट्याला एक उरली. रोज ती मोजायचं खातं बायकोनं स्वतःकडे घेतलं.

परवा दुपारी ते दिवाणावर लवंडले आणि हाताशी आलेली आणखी एक उशी त्यांनी डोक्याखाली सरकवली. थोड्याच वेळात बायको चपला घालून, पर्स काखोटीला मारून समोर उभी. खाली मुलानं गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

"अगं, पेपर वाचायला घेतली."

"गाडीत वाचा," ती म्हणाली.