जगदाळेकाकांची लग्नसराई

जगदाळेकाका बायकोला पहिल्यांदा आमच्याकडे सोडायला आले, तेव्हा आधी स्वतःच खाटेवर आडवे झाले. "आता मला कुशीवर वळवा," म्हणाले. आमची आया संगीता, तिने वळवलं. "आता पेज भरवा." तिने भरवली. पहिला चमचा नाकात गेला. काका उठून बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "चमचा लई वर धरतीस, पोरी. पर शिकशील."

बेलापूरला आमची दहा खाटांची जागा आहे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की बाकीच्यांना गावाला जाता येत नाही, धड आजारीही पडता येत नाही. अशांचं माणूस आम्ही दोन दिवस, चार दिवस, गरज पडली तर आणखीही, रात्रंदिवस सांभाळतो. मी तिथली मुख्य नर्स. बॅग टेकवून नातेवाईक किती वेगाने पळतात ते मी रोज बघते, आणि त्यांना दोषही देत नाही. काकांचा मात्र पाय निघायचाच नाही.

मूळचे साताऱ्याकडचे, तळोज्याच्या केमिकल कंपनीत आयुष्यभर सुपरवायझर. मूलबाळ नाही. पक्षाघाताने सुमनकाकूंची वाचा गेली आणि तेव्हापासून त्यांनी एकच हट्ट धरला: नवऱ्याखेरीज कुणाच्या हातचं खायचं नाही. दुसऱ्याचा चमचा दिसला की ओठ गच्च. काका दर महिन्याला त्यांना दोन दिवस आणायचे, सूचनांची तीन पानं द्यायचे आणि साताऱ्याला लग्नाला जायचे. दुपारी संगीता हात टेकायची, मी फोन करायचे, आणि साताऱ्याला गेलेले काका दहा मिनिटांत हजर.

"गाडी चुकली," म्हणायचे.

कधी पुतण्याचं लग्न, कधी भाचीचं. या माणसाला नातेवाईक तरी किती, असं मला वाटायचं. मग भाद्रपदात म्हणाले, "मेव्हण्याच्या पोराचं हाय."

"काका, पितृपंधरवडा चालू आहे."

"ती मानसं जरा पुढारलेली हायत," म्हणाले आणि सटकले.

संगीता इथल्याच दिवाळे गावची, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. "म्याडम, काका कनच्या लग्नाला जात नाय. समोरचे बागेन बसून हाय."

मी तरातरा रस्ता ओलांडला. काका बाकावर, मांडीवर न उघडलेला डबा. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून गेले होते.

"ही कसली थट्टा, काका? त्यांचे हाल, आमचे हाल."

"छातीत तीन ठिकानी अडलंय, सिस्टर," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनत्यात, उघडावं लागंल. वरीस झालं टाळतोय. मी टेबलावरनं उठलोच न्हाई, तर हिला कोन भरवनार? म्हून सवय लावतोय. सवय लागल्याबिगर मी न्हाई निजायचा त्या टेबलावर."

माझा राग कुठच्या कुठे गेला. माझीच मला लाज वाटली.

मी त्यांच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने संगीता खरकट्या हातानेच फाटकातून धावत आली आणि एका दमात सांगू लागली. ती काकूंच्या शेजारी बसून आपला डबा खात होती, वालाचं कालवण आणि भात. काकूंनी तिच्याकडे बघून तोंड उघडलं. तिने मऊ कालवून घास दिला. सगळा डबा संपला. तीन पानांत वालाचा उल्लेख कुठेच नव्हता.

काकांनी हळूच विचारलं, "खाताना बघत कुठं हुती?"

"दाराकरं," संगीता म्हणाली. "दर घासाला."

काकांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही फुटलं. मांडीवरचा डबा त्यांनी संगीताला देऊन टाकला.

"सोमवारी दवाखान्यात भरती हुतो," ते म्हणाले. "वाल रोज देऊ नका, बाधत्यात. आनि सिस्टर, तिची खाट तेवढी हलवू नका. तिला दार दिसलं पायजे."