फाट्यावरची बहीण

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात एखादी वस्तू बिघडली, तर ती दुरुस्त होण्याआधी गुरुपाद हिरेमठ तिची कथा सांगतो. "ह्याच्यामागं एक कथा हाय," असं म्हणून तो चष्मा कपाळावर चढवतो. मग समोरच्याने मुकाट्याने खुर्ची ओढून घ्यावी हे बरं.

कोपऱ्यातल्या कपाटाचं दार कित्येक वर्षं उघडत नव्हतं. नव्या प्राचार्यांनी कारण विचारलं. गंज चढलाय, एवढं सांगून भागलं असतं. गुरुपादने सांगितलं, की पूर्वीचे एक हेडक्लार्क रिटायर होताना ह्या कपाटाला म्हणाले, 'आता तूही विश्रांती घे'. तेव्हा दार मिटलं ते मिटलं. प्राचार्य विज्ञानाचे. ते हसले. पण त्यानंतर दार उघडायला त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सोलापूरच्या उन्हाचीही त्याच्याकडे कथा आहे. सूर्य एकदा मंगळवेढ्याला हुरडा खायला उतरला, इतका खाल्ला की त्याला उठवेना, आणि तेव्हापासून तो ह्या जिल्ह्यावर जरा खालूनच जातो. ही कथा पुराणात कुठे आहे, असं मी विचारलं, तर म्हणाला, "पुराणं लिहिणारे सोलापूरला आलेच कुटं होते?"

घरी कन्नड आणि ऑफिसात मराठी असा हा अक्कलकोटकडचा माणूस. लग्न केलं नाही. कथांबद्दल मात्र त्याचं पक्कं मत आहे. "देशपांडे, कारण सांगितलं की माणूस ऐकतो आणि विसरतो. कथा सांगितली की हात जोडतो. जगात सगळीकडं हेच हाय."

ह्या मताची परीक्षा मागच्या श्रावणात झाली.

त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही दोघं परीक्षेच्या कामाला अक्कलकोटला निघालो होतो. वाटेत एका फाट्यावर एसटी पंक्चर झाली. ऊन, रडणारी पोरं, कंडक्टरशी भांडणारे लोक. रस्त्याकडेला कमरेएवढा एक काळा दगड उभा होता. गुरुपादने चष्मा कपाळावर चढवला. एका सासुरवाशिणीला पंचमीला माहेरी न्यायला भाऊ येणार होता. ती पहाटेपासून इथे उभी राहिली. बोरी नदीला पूर आला, भाऊ पलीकडे अडकला आणि वाट बघता बघता बाईचा दगड झाला. बसमधल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. भांडण थांबलं. टायर बदलून झालं तेव्हा एकीने दगडापाशी खोबऱ्याचा तुकडा ठेवला. कथा गुरुपादने तिथल्या तिथे रचली होती. मी शेजारीच होतो.

मागच्या श्रावणात माझी बायको अक्कलकोटला दर्शन करून आली आणि म्हणाली, "वाटेत त्या बहिणीच्या दगडालाही बांगड्या वाहिल्या. जागृत आहे म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात हे सांगितलं. गुरुपाद आधी खूश झाला. "अय्यो! माझी बाई देव झाली की!" दुपारपर्यंत त्याचा चेहरा उतरला. डबाही उघडला नाही.

"देशपांडे, ही फसवणूक झाली. लोक नवस बोलत असतील. जाऊन खरं सांगायला पायजे."

"कशाला? कुणाचं काय बिघडतंय?"

"ऑफिसातल्या कपाटाची गोष्ट निराळी. त्याला कुणी नवस बोलत न्हाई."

त्याच रविवारी आम्ही त्या फाट्यावर उतरलो. दगडाला शेंदूर लागला होता, वर पत्र्याचं छप्पर आलं होतं. पंचमी तोंडावर होती. शेजारी एक म्हातारी बांगड्यांची टोपली घेऊन बसली होती. गुरुपादने तिलाच कथा विचारली.

तिने सगळी नीट सांगितली, पूर आणि बोरी नदीसकट. पुढे म्हणाली, "तिसऱ्या दिशी पूर उतरला. भाऊ पळत आला. बघतो तर भैनीचा दगड झालेला. म्हनला, आता मी कुटं जाऊ? त्यो बी हितंच बसला. ह्यो बघा."

मोठ्या दगडाला टेकून खरंच एक लहान दगड होता.

"ह्यो माझ्या कथेत न्हवता," गुरुपाद माझ्या कानात कुजबुजला.

"तुझ्या कथेत भाऊ आलाच नव्हता."

"व्हय. पर लोकांनी आणला. बरं केलं."

मग त्याने घसा साफ केला. "आजी, खरं सांगायचं तर ह्या दगडाची..."

तेवढ्यात शेताकडून एक तरुण बाई आली. हात मातीचे होते, ते तिने पदराला पुसले, बांगड्या घेऊन दगडापुढे ठेवल्या आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली, "बाई, दादा औंदाबी येत न्हाई म्हनतोय. पुण्यात सुट्टी न्हाई त्याला. असू दे. तितं त्याला सुखी ठेव." लहान दगडावरची धूळ झटकून ती परत कामाला गेली.

गुरुपाद तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"काय म्हनत हुता, भाऊ?" म्हातारीने विचारलं.

"काय न्हाई. कथा बरोबर हाय म्हनलो."

"तुमची भैन कुटं दिली?"

सोपा प्रश्न होता. मला वाटलं, आता चष्मा वर जाणार. गेला नाही. "मला बहीण न्हाई," तो म्हणाला. "भाऊबी न्हाई. आई होती, ती गेली."

पंचमीला आमच्या ऑफिसातले निम्मे लोक बहिणींना आणायला रजा काढतात. सगळ्यांची कामं गुरुपाद एकटा करतो. त्याला सणावाराचं काही नाही, असं आम्ही समजत होतो. त्याने ह्या दिवशी कधी कुणाला आणलं नव्हतं, आणि कुठल्याही रस्त्यावर कुणी त्याची वाट बघत उभं राहिलं नव्हतं.

म्हातारीला हे समजावून सांगावं लागलं नाही. "मग हिलाच घ्या की," ती दगडाकडे हात करून म्हणाली. "लई जनांची हाय ती. तुमची झाली म्हून कमी पडायची न्हाई."

गुरुपाद टोपलीपाशी उकिडवा बसला. बराच वेळ हिरव्या बांगड्या चाचपत राहिला.

"आजी, हिला कुठलं माप बसंल?"

"दगडाला कसलं आलंय माप?" टोपलीतल्या बांगड्या उचलत म्हातारी हसली.

"तरीबी," तो म्हणाला. "चढवताना दुखायला नको."

म्हातारी हसायची थांबली. तिने हातातल्या बांगड्या परत ठेवल्या आणि एक माप मोठ्या काढून दिल्या.