चौदाव्या नावाची जागा

सोमवारी आमच्या साळवे काकांना चहा कसा झालाय, हे विचारू नये. कितीही फक्कड जमलेला असो, ते म्हणणार, "आहे." मंगळवारी सकाळी मात्र दार वाजवून सांगून जातात, "कालचा चहा चांगला होता. चांगला होता." दोनदा.

मला आधी वाटलं, शेजारी खवचट मिळाला. मग त्यांनीच खुलासा केला. बायबलात देवाने सृष्टी केली, तेव्हा रोजचं काम पाहून तो 'चांगलं आहे' म्हणाला. फक्त दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, आकाश केलं आणि गप्प बसला. तिसऱ्या दिवशी दोनदा म्हणाला.

"गप्प का बसला?"

"आकाश करताना वरचं पाणी वर ठेवलं, खालचं खाली. ताटातूटच की ती, वहिनी! तिला चांगलं कसं म्हणणार?"

आम्ही मळेवाले. आमच्याकडून देवाला फुलं जातात, प्रश्न जात नाहीत. पण माझ्या लेकीचा दहावीचा निकाल नेमका सोमवारी लागला. ब्याण्णव टक्के! काकांनी पेढा घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या बोलू." पोरगी रडकुंडीला आली.

काका मनमाड स्टेशनवर घोषणा करायचे. मशीनचा आवाज येण्याआधीचा तो काळ. रिटायर होऊन नाशिकला आले, तरी घरात अजून विचारतात, "मार्था, चहा येण्याची शक्यता आहे का?" पॅसेंजरचा एकही थांबा त्यांनी कधी गाळला नाही, अशी त्यांची ख्याती. "स्टेशन छोटं म्हणून नाव गाळायचं नसतं. तिथे उतरणारा एक तरी असतोच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लेकीच्या वाढदिवसाला कुणाकुणाला बोलवायचं हे मी ठरवत होते, तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं. चाळीस माणसं जेवून गेली.

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये येशूची वंशावळ वाचायचा मान काकांचा. अब्राहामापासून सगळ्या पिढ्या. मी एकदा मधल्याच एका नावावर बोट ठेवून विचारलं, "ह्यांनी काय केलं?"

"काही नाही. हा पाण्यातला पुलाचा खांब. दिसत नाही, पण काढून बघा, गाडी जाते का!"

पिढ्या तीन गटांत आहेत, प्रत्येकात चौदा, असं शास्त्रात लिहिलंय. मी पडले जुड्या मोजणारी बाई. बोटांवर मोजलं, तर शेवटच्या गटात तेराच नावं भरली. दोनदा मोजलं. काका खूश झाले. "बरोबर पकडलंत. चौदावी जागा मोकळी ठेवलीय."

"कुणासाठी?"

"असेल कुणाचं तरी छोटं स्टेशन," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

यंदा चर्चमध्ये नवे पाळक आले. तरुण, गोड बोलणारे. म्हणाले, "काका, लोक कंटाळतात हो. पहिलं एक नाव आणि शेवटची तीन वाचा, बास झालं." काकांनी मान डोलावली. घरी येऊन मात्र अन्नावरची वासनाच उडाली त्यांची. चार दिवस चहाची घोषणासुद्धा झाली नाही. काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "सगळी नावं नाही वाचली, तर हे खचतील गं."

माझं डोकं फिरलं. चर्चशी माझा संबंध काय, हा विचार मनात यायच्या आत मी शेवंतीची टोपली घेऊन पाळकांसमोर उभी होते.

म्हटलं, "साहेब, आमच्या मळ्यातून सहस्रनामाला फुलं जातात. हजार नावं, हजार फुलं. एक कमी पडलं, तर गुरुजी त्या एका फुलासाठी माणूस धाडतात. देव बसून राहतो तोवर. आणि तुम्ही अख्खी ओळच्या ओळ गाळणार?"

पाळक हसले. टोपलीत हात घालून एक फूल उचललं आणि म्हणाले, "वाचू द्या सगळी."

रविवारी मी काकूंशेजारी बसले. काका उभे राहिले. पुस्तक उघडं, पण नजर समोर. एकेक नाव असं स्वच्छ, जणू शेवटच्या डब्यातल्या माणसालाही कळलं पाहिजे. चुळबुळणारी पोरं गप्प झाली. हा माणूस आमच्या शेजारी राहतो, याचा मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईला मी तसं सांगूनही टाकलं.

शेवटचं नाव झालं. काकांनी पुस्तक मिटलं नाही. नुसते उभे राहिले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "दरवर्षी इथेच दम लागतो त्यांना." माझी बोटं मोजत होती. तेरा झाली होती.

तेवढ्यात शेजारी काकूंचे ओठ हलले. "एस्तेर."

काकांनी पुस्तक मिटलं.

परतताना रिक्षात काकांनी पुढची सीट धरली होती. मागे काकूंनी माझा हात हातात घेतला. "पहिली आणि शेवटची. रविवारी झाली, सोमवारी गेली. बारसंसुद्धा नाही झालं गं. नाव आम्हा दोघांनाच ठाऊक."

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा घेऊन गेले. कसा झालाय, ते विचारलं नाही. कप ठेवला आणि एवढंच म्हटलं, "काका, काल मी मोजली. चौदा भरली."

काकांनी कप उचलला. मग एक घोट घेतला.

"चहा चांगला झालाय, पोरी."