दिसेपर्यंत लेसर

पेणच्या खाडीकाठी, मिठागरात, विमानतळाच्या धावपट्टीचं उद्घाटन रीतसर पार पडलं होतं. नारळ फुटला होता, फीत कापली होती, पेढेसुद्धा संपले होते. तरी एकही विमान उतरेना. वैमानिकांचं म्हणणं एकच: "धावपट्टी दिसत नाही."

चौकशी समितीचे अध्यक्ष हैबतराव यांनी हा पेच चहा निवायच्या आत सोडवला. उद्घाटन झालं, त्याअर्थी धावपट्टी आहे. आहे आणि दिसत नाही, त्याअर्थी दोष नजरेत आहे. सबब, सर्व वैमानिकांनी डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया करून घ्यावी. न करणाऱ्याचं लायसन्स रद्द.

रोह्याच्या नितेशनं जन्मात चष्मा लावला नव्हता. पण विमान चालवण्यापलीकडे त्याला दुसरं काही येतही नव्हतं. तो निमूट यंत्राखाली आडवा झाला. आठवड्यानं काळा गॉगल काढून तो मिठागराच्या बांधावर उभा राहिला. तिथंच राबणारी त्याची मावशी बायजाबाई फावडं टेकवून बघत होती.

"काय दिसतं, कॅप्टन?" हैबतरावांनी विचारलं.

"मीठ, साहेब. आता तर कण न् कण दिसतो."

"शस्त्रक्रिया बिघडली. पुन्हा करा."

"बाला, मना बी मीठच दिसतंय," मावशी म्हणाली.

"हळू बोल गो मावशी! तुलाही आडवी करतील."

दुसऱ्या खेपेला मिठापलीकडे एका पायावर झोपलेला बगळाही दिसला. हैबतराव चिंतेत पडले. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनीच हात जोडले, "बुबुळावरचा पडदा पातळ झालाय. आता लेसर मारला, तर विमान सोडा, सायकलही चालवता यायची नाही."

नितेश बांधावर गेला आणि म्हणाला, "दिसली!"

"शाब्बास! किती लांब आहे?"

"तुम्ही म्हणाल तेवढी, साहेब."

त्याला तिथल्या तिथं तंदुरुस्त ठरवण्यात आलं. पहिलं विमान मान्यवरांना घेऊन मुंबईहून उडालं. नितेशनं मिठागरावर दोन घिरट्या घातल्या, विमान गुपचूप मुंबईलाच उतरवलं आणि घोषणा केली, "पेण विमानतळावर आपलं स्वागत आहे." टाळ्या पडल्या. मान्यवर गाड्यांत बसून तीन तासांनी पेणला पोचले.

"विमानतळ झकास," हैबतराव कंबर चोळत म्हणाले, "फक्त गावापासून जरा लांब बांधलाय."

हसू नका. गेल्या निवडणुकीत मत देताना तुम्हालाही तो विमानतळ लख्ख दिसला होता. तोही लेसरशिवाय.