‘कोणीतरी’ नेमण्याबाबत

ब्रेकताईंची मान एका मंगळवारी सकाळी डावीकडे वळली, ती परत आलीच नाही.

घटनेत संशयास्पद असं काही नव्हतं. ब्रेकताई मुलीला पाजत होत्या. मुलगी चार महिन्यांची, वजन साडेसहा किलो. घरात सगळे तिला बाईसाहेब म्हणत, कारण तिच्या मनाविरुद्ध या घरात पंखासुद्धा फिरत नसे. बाईसाहेब दिवसातून नऊ वेळा जेवत आणि प्रत्येक जेवणाला अर्धा तास घेत. तेवढा वेळ ब्रेकताई पाठीचं धनुष्य करून, मान खाली घालून बघत बसत: नीट पितेय ना, श्वास घेतेय ना, झोपलीय की सोंग आणलंय. त्या मंगळवारी बाईसाहेबांचं पोट भरलं, त्यांनी ढेकर दिली आणि कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. मानेला मात्र ते कोणी कळवलं नाही.

तेव्हापासून ब्रेकताईंच्या जगाला उजवी बाजूच उरली नाही. उजवीकडून कोणी हाक मारली, की फ्रीज सरकवावा तशा त्या अख्ख्या वळत.

एरवी हेही खपून गेलं असतं. बाळंतिणीची मान दुखते ही काही बातमी नव्हे; न दुखली तर लोक विचारतात, मूल आहे ना घरी? पण ब्रेकताई गाडी शिकवायच्या शाळेत शिकवत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा दुसरा ब्रेक वेळेवर दाबायचा, हे त्यांचं काम. सहा वर्षांत त्यांनी असंख्य कुत्री, दोन सायकली आणि आइस्क्रीमची एक हातगाडी वाचवली होती. नाव पडलं ते त्यावरूनच. आता रजा संपत आली होती, आणि कामावर परत जायचं तर परवाना कार्यालयात तपासणी होती: मान दोन्ही बाजूंना साठ अंश वळली पाहिजे. नापास झालं तर शाळेच्या मागच्या खोलीत बसून अर्जांवर फोटो चिकटवायचे. ज्या बाईने अख्खा रस्ता पायाखाली थांबवला, तिने डिंकाची बाटली धरायची! नुसत्या विचारानेच ब्रेकताईंचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाई.

तपासणीला तीन आठवडे होते. डावी बाजू तयारच होती. प्रश्न उजवीचा होता.

ब्रेकताई एका फिजिओबाईंकडे गेल्या. फिजिओबाईंनी मानेला दोन बोटं लावली, ब्रेकताईंच्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि विचारलं, “बाळाला कोण घेतं?”

“मी.”

“आणि तुम्ही दमल्यावर?”

“मीच. दमून.”

फिजिओबाईंनी मान हलवली. त्यांची छान हलत होती. मग त्यांनी एक कागद लिहून दिला. पाजताना मांडीवर उशी घ्यायची आणि बाळाला छातीपर्यंत वर आणायचं, आपण वाकून बाळापर्यंत जायचं नाही. मग चार व्यायाम. हनुवटी सरळ मागे ओढायची, नको तो वास आल्यावर ओढतो तशी, आणि पाच आकडे मोजायचे. खांद्यांची पाती मागे आवळायची, मध्ये पेन्सिल धरल्यासारखी. कान खांद्याकडे न्यायचा, खांदा कानाकडे आणायचा नाही. आणि मान सावकाश उजवीकडे, सावकाश डावीकडे. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. खाली एक ओळ दोनदा अधोरेखित केली होती: व्यायामाच्या वेळी बाळ दुसऱ्या कोणीतरी घ्यावे.

“खरं औषध ही शेवटची ओळ,” फिजिओबाई म्हणाल्या. “वरचं सगळं तिचं वेष्टण.”

कागद घरी आला आणि नानांच्या हाती पडला.

नाना म्हणजे ब्रेकताईंचे सासरे. नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क होते. कार्यालयातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण कारकुनीतून त्यांना कोणी निवृत्त केलं नव्हतं. त्यांनी कागद दोनदा वाचला, भोक पाडलं, फाईलला लावला आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं.

“उशी, व्यायाम, वेळ, सगळं स्पष्ट आहे. पण हे ‘कोणीतरी’ म्हणजे कोण? पद नमूद नाही, पात्रता नमूद नाही. असं मोघम चालत नाही. बैठक घ्यावी लागेल.”

“नाना, दहाच मिनिटं धरायचंय हो तिला,” ब्रेकताई म्हणाल्या.

“सूनबाई, दहा मिनिटांचा कारभार असो की दहा वर्षांचा, पाया पक्का पाहिजे.”

बैठक दिवाणखान्यात भरली. सासूबाई, म्हणजे माई, नवरा आणि अकरावीतली नणंद असे सगळे हजर होते. ब्रेकताईही होत्या. बाईसाहेब त्यांच्या कडेवर होत्या, म्हणून त्यांची नोंद निमंत्रित अशी झाली.

“मी अध्यक्ष,” नानांनी सुरुवात केली. “नेमणूक करणाऱ्यानेच पद घेतलं तर लोक बोलतील. त्यामुळे मी बाद.”

“लोक कोण?” नणंदेने विचारलं.

“बोलणारे.”

माईंनी हात झटकले. “मी दोन मुलं वाढवलीत. माझी नोकरी पूर्ण झाली. आणि आमच्या वेळी नव्हती बाई असली दुखणी. मान वर करायची पद्धतच नव्हती, त्यामुळे दुखायचा प्रश्नच यायचा नाही.”

“वहिनी, मी घेतलं असतं गं,” नणंद म्हणाली, “पण ती माझ्याकडे रडते.”

“माझ्याकडेही रडते,” ब्रेकताई म्हणाल्या.

“हो, पण तुला सवय आहे.”

उरला नवरा. त्याचा चेहरा उदार माणसाचा झाला. “अगं, मी आहे ना! तू फक्त सांगायचं. घरच्या ग्रुपवर दोन तास आधी टाक, मी मोकळा असेन तर लगेच अंगठा दाखवतो.”

“अरे, तिला रडायचं असतं तेव्हा ती दोन तास आधी सांगत नाही.”

“तेच तर! तुमच्याकडे नियोजन नाही.”

सर्वानुमते ठरलं की पद महत्त्वाचं असल्याने घाई करू नये. तोवर व्यायामाचं काय? बिनतपासलेला व्यायाम एका बाळंतिणीवर सोडणं नानांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आधी घरच्यांनी तो करून बघावा, धोका नसल्याची खात्री करावी, मग सूनबाईंना परवानगी. आपल्यासाठी घर एवढं झटतंय हे बघून ब्रेकताईंना मान झुकवावीशी वाटली. आखडल्यामुळे ती तशी आधीपासूनच झुकलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चाचणी सुरू झाली. नाना, माई, नवरा, नणंद एका रांगेत बसले. आकडे मोजायला खणखणीत आवाज हवा, आणि तो घरात एकाच व्यक्तीकडे होता.

“हनुवटी मागे! एक, दोन, तीन... नाना, डोळे नका मिटू. चार, पाच. आता कान खांद्याकडे,” ब्रेकताई बाईसाहेबांना कडेवर घेऊन सांगत होत्या. “माई, खांदा वर येतोय. कानाने जायचंय.”

“अगं बाई! काय मोकळं वाटतंय!” माई म्हणाल्या. “इथे, इथे काहीतरी सुटलं बघ!”

उशीचीही चाचणी झाली. नानांनी ती स्वतःच्या कंबरेमागे ठेवून पाहिली, निकाल उत्तम आला, आणि उशी पुढील निरीक्षणासाठी तिथेच राहिली. नवऱ्याने फोनमध्ये गजर लावले. ते दिवसातून तीनदा वाजत, बाईसाहेब दचकून जाग्या होत आणि ब्रेकताई त्यांना पुन्हा झोपवत. नणंदेने रंगीत तक्ता केला: डोलणाऱ्या माना, इंद्रधनुष्य, एक हसरं बदक. तो तिने दिवाणखान्याच्या उजव्या भिंतीवर लावला. ब्रेकताई सोडून सगळ्यांना तो दिसत असे.

एका आठवड्यात घराचा नूर पालटला. माई खिडकीतून एकाच वेळी दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांवर लक्ष ठेवू लागल्या. नवऱ्याची वर्षभराची डोकेदुखी गेली. नाना तर ताठ बसून पेपर असा वाचत, की पेपरच त्यांच्यापुढे वाकल्यासारखा वाटे.

नानांनी कोनमापकाने मोजणी केली. स्वतः एकाहत्तर अंश, माई अडुसष्ट, चिरंजीव सत्तर, कन्या शहात्तर, सूनबाई दहा.

“सरासरी एकोणसाठ,” त्यांनी जाहीर केलं. “हवी साठ. एका अंशाने राहिलोय, सूनबाई! अगदी एका अंशाने!”

“नाना, पण माझी दहाच आहे.”

“एकेकाचं बघत बसलो तर घर पुढे जाईल कसं?”

तो एक अंश मिळवायला तिसऱ्या मजल्यावरच्या नृत्य शिकवणाऱ्या काकूंना सदस्य करून घेतलं. त्यांची मान नव्वद अंशांना जाऊन वर दोन भुवयाही नाचवत असे. सरासरी चौसष्टवर गेली. नानांनी अंकाखाली दोन रेघा मारल्या आणि ब्रेकताईंनी सदस्य वाढल्यामुळे चहाचं आधण वाढवलं.

परवानगी द्यायला आता हरकत नव्हती. फक्त ‘कोणीतरी’ अजून नेमलं गेलं नव्हतं, आणि तीन आठवडे संपले होते.

तपासणीच्या दिवशी अख्खी समिती परवाना कार्यालयात गेली. हिरवट भिंतीची खोली, मधोमध एक फिरती खुर्ची, खुर्चीभोवती अंश लिहिलेला लाकडी अर्धगोल. तपासणी अधिकारी डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. नानांनी त्यांच्यापुढे फाईल ठेवली.

“चौसष्ट सरासरी. तपशील परिशिष्टात.”

अधिकाऱ्यांनी फाईल चाळली. तक्त्याची नक्कल आली तिथे, हसऱ्या बदकावर थांबले. “गाडी कोण चालवणार?”

“सूनबाई.”

“मग मान त्यांचीच लागेल. गाडी सरासरीने वळत नाही.” ते ब्रेकताईंकडे वळले. “बाई, खुर्चीत बसा. नियमाप्रमाणे आधी दहा मिनिटं विश्रांती, हात मोकळे. बाळ कोणाकडे तरी द्या.”

ब्रेकताईंनी मुलीला पुढे केलं. नानांनी फाईल परत हातात घेतली होती. माईंच्या हातात पिशवी. नणंदेच्या हातात तक्त्याची गुंडाळी, नवऱ्याच्या हातात फोन, कारण हा क्षण टिपायलाच हवा होता. नृत्यकाकूंचे हात रिकामे होते, पण त्यांनी ते लगेच एका मुद्रेत गुंतवले.

“अहो, घ्या की कोणीतरी!” अधिकारी म्हणाले.

“तेच पद रिक्त आहे,” नाना गंभीरपणे म्हणाले.

अधिकाऱ्यांनी एक सुस्कारा सोडला आणि उठून बाईसाहेबांना स्वतःच उचललं.

ब्रेकताई खुर्चीत बसल्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि आश्चर्याने बघितलं: दोन हात, दोन्ही त्यांचेच. कोणी ओढत नव्हतं, कोणी ओलं करत नव्हतं. त्यांनी हनुवटी मागे ओढली. पाच मोजले, पहिल्यांदाच स्वतःसाठी, मनातल्या मनात. पाती आवळली. कान खांद्याकडे नेला. मानेत कुठेतरी कट् झालं, मग कटकट, मग जुनं दार कुरकुरत उघडावं तसं काहीतरी. दहा. पंचवीस. त्या थांबल्या, श्वास घेतला. चाळीस. आणि मग त्यांना हिरवट भिंत दिसली, भिंतीशी पाण्याचं पिंप दिसलं, पिंपाशेजारी ओळीने उभी असलेली सासरची माणसं दिसली. तीन आठवड्यांत या बाजूने कोणी दिसलं नव्हतं. माईंनी केस कापलेत, हे त्यांना आत्ता कळलं.

“किती झाले?” अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांना स्वतःला बघता येत नव्हतं. बाईसाहेबांनी त्यांचं बोट मुठीत धरलं होतं आणि ते मान खाली घालून बघत होते: श्वास घेतेय ना, झोपलीय की सोंग.

“एकसष्ट,” ब्रेकताई अर्धगोलावरचा आकडा वाचून म्हणाल्या.

“पास.” अधिकाऱ्यांनी डाव्या हाताने शिक्का मारला, आणि मान वर करताना ते “आई गं” असं म्हणाले.

एकच जल्लोष झाला. नानांनी माईंचं अभिनंदन केलं, माईंनी लेकाचं. नृत्यकाकूंनी सगळ्यांचं. “बघितलंस सूनबाई? तीन आठवडे आम्ही राबलो, त्याचं फळ!” नानांनी तिथेच फाईलवर शेरा लिहिला: व्यायाम गुणकारी. समिती यशस्वी.

“नाना, फळ त्याचं नव्हे,” ब्रेकताई म्हणाल्या. “दहा मिनिटं तिला दुसऱ्या कोणी...”

पण तेवढ्यात बाईसाहेब रडल्या. अधिकाऱ्यांनी त्यांना माईंकडे दिलं, माईंनी नवऱ्याकडे, नवऱ्याने नणंदेकडे, आणि नणंदेने मोठ्या प्रेमाने वहिनीकडे.

“घे गं वहिनी. आता तर तुझी मानही बरी झालीय!”

ब्रेकताईंनी मुलीला घेतलं. त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या, पाठीचं धनुष्य केलं आणि मान खाली घातली. डावीकडे. उजवा पाय तेवढा जमिनीवर जोरात दाबला, पण इथे काहीच थांबलं नाही.

पद अजून रिक्त आहे. नानांनी जाहिरात काढायचं ठरवलंय, मसुदा तिसऱ्यांदा दुरुस्त होतोय.

बाकी, मघाशी वाचता वाचता तुम्हीही हनुवटी मागे ओढून पाहिलीत ना? कानही जरासा खांद्याकडे नेलात. बरं वाटलं असेल. वाटणारच, हात मोकळे होते. आता तीच मोकळी मान जरा आतल्या खोलीकडे वळवा आणि बघा, तिथे कोणाचे हात भरलेत.

अर्ज करायची गरज नाही.